शब्बाथ: मालकाच्या हाताबाहेरचा दिवस

सेनेका या रोमन विचारवंताला ज्यू लोकांची एक रीत अजिबात पटत नव्हती. दर सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी येणाऱ्या शब्बाथला, हातावर हात ठेवून बसणारे हे लोक आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा वाया घालवतात, अशी त्याची तक्रार होती. संत ऑगस्टीनने ती पुढे आपल्या ग्रंथात नोंदवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. टॅसिटस या इतिहासकारानेही ज्यूंच्या या विसाव्याचा संबंध आळसाशी जोडला. साम्राज्य चालवणाऱ्यांना रिकामे हात खुपतात, ते आजही खुपतात. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसच्या संस्थापकांनी देशातल्या तरुणांकडून आठवड्याला ७० तास कामाची अपेक्षा केली. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. रविवारीही कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची त्यांनी खंत व्यक्त केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांमधला ९ वरून १० तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तेवढी कायम ठेवली.

या सगळ्यावर आपल्याकडे खूप बोललं गेलं, आणि बहुतेकांनी एकच उत्तर दिलं: थकलेला माणूस चुका करतो, आजारी पडतो, नोकरी सोडून जातो, म्हणून विश्रांती दिली तर कामच चांगलं होईल. हे उत्तर खरं आहे. तरीही ते कमकुवत आहे, आणि त्याचा कमकुवतपणा ज्यू परंपरेने फार आधी ओळखला, असं माझं म्हणणं आहे.

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या फिलो या ज्यू तत्त्वज्ञाने रोमन-ग्रीक टीकाकारांना नेमकं हेच उत्तर दिलं होतं. पहिलवानही दम खातो, ताजातवाना होऊन पुन्हा आखाड्यात उतरतो, तसा हा दिवस. हा युक्तिवाद ग्रीकांना समजेल असा होता. विसावा कामासाठी असतो हे त्यांचं स्वतःचंच मत होतं. पण त्यात एक गोष्ट आपण न मागता देऊन टाकतो. विसावा कामासाठी असेल, तर किती विसावा पुरेसा हे ठरवण्याचा अधिकार ज्याचं काम त्याच्याकडे जातो. उद्या कुणी मालक म्हणाला की माझ्या माणसांना दोन आठवड्यांतून एक सुटी पुरते, उत्पादन घसरत नाही, तर त्याला काय सांगणार? त्याच्या हिशोबवहीत शिरून आपण त्याच्याशी वाद घालत बसतो, आणि वही त्याची असते.

विसाव्याची मूळ आज्ञा ही वही उघडतच नाही. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात ती अशी येते: सातव्या दिवशी तू कोणतंही काम करू नकोस, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, यांपैकी कुणीही करू नये, म्हणजे तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीला विसावा मिळेल. आणि लगेच पुढे कारण: तू मिसर देशात गुलाम होतास, याची आठवण ठेव. दुसऱ्या पुस्तकातल्या आज्ञेत कारण वेगळं आहे. तिथे ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी तो थांबला, असं म्हटलंय. एक कारण विश्वाच्या जन्मापर्यंत जातं, दुसरं गुलामांच्या वस्तीतून येतं. काम चांगलं व्हावं म्हणून थांबा, असं दोन्हीकडे कुठेच नाही.

ही यादी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला तिचा रोख जाणवतो. आज्ञा ज्याला केली आहे त्याच्याकडे दास आहेत, बैल आहेत, घराला वेस आहे. म्हणजे बोलणं मालकाशी चाललंय. दासाने सुटीचा अर्ज करायचा नाही, थकल्याचा पुरावा द्यायचा नाही, आधी सहा दिवस मन लावून राबला की नाही हे कुणी तपासायचं नाही. त्या मजकुराने गुलामगिरी मोडली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मालकाच्या सत्तेतून सातातला एक दिवस काढून घेतला. आणि यादीत पत्नी नाही, हेही सांगायला हवं. भाष्यकारांनी ‘तू’ या शब्दात तिला धरलं. पण शुक्रवारच्या दुपारी चुलीपाशी कोण असतं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

विसाव्या शतकात अब्राहम जोशुआ हेशेल यांनी फिलोचं उत्तर जाहीरपणे नाकारलं. वॉर्सात जन्मलेले, १९४० मध्ये युरोपातून निसटून अमेरिकेत पोहोचलेले, घरची माणसं नाझींच्या हातून गमावलेले हे धर्मचिंतक. सात दिवसांतला शब्बाथ हा उरलेल्या सहांसाठी नसून ते सहाच शब्बाथसाठी असतात, असं त्यांनी मांडलं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सेल्मा इथल्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत पहिल्या रांगेत चालणारे हेशेल हेच. विसाव्याबद्दल बोलणारा माणूस कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी रस्त्यावर उतरतो, यात मला कसलीच विसंगती वाटत नाही. माणूस कुणाचं अवजार नाही, हेच दोन्हीकडे सांगायचं होतं.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. अलिबाग, पेण, रेवदंडा, नवगावच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांना गाव ‘शनवार तेली’ म्हणायचं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे हे शनवार तेली. त्यांच्याकडे कित्येक शतकं रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता, तोराची पोथी नव्हती, तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा आणि कायद्याचा ग्रंथ तर ऐकूनही माहीत नव्हता. सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवार, एवढं मात्र उरलं. समाजाच्या उतरंडीत तेल्याची जागा काही मानाची नव्हती, आणि त्यांना ही सुटी कोणत्या राजाने दिलेली नव्हती. घाणा थांबला की बैलही सुटायचा. त्यांच्या हाती पोथी नसताना त्यांचा बैल मात्र पोथीत सांगितल्याप्रमाणे दावणीला रवंथ करत उभा असायचा, हे मला विलक्षण वाटतं. बैलाला वर्षातून एकदा पोळ्याला खांद्यावरून जू उतरवून मिरवणारा आपला शेतकरी समाज. त्यातल्या काही घरांतली जनावरं दर आठवड्याला मोकळी असायची.

या घरांमध्ये शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलेलं असे. द्राक्षाची दारू मिळत नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करायचं आणि त्यावर किद्दुशचा, म्हणजे शब्बाथच्या स्वागताचा आशीर्वाद म्हणायचा. मांसासोबत दूध चालत नाही म्हणून कालवणात नारळाचं दूध. मग दिवे. हे सगळं आजही मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल घरांत होतं, ठाण्यात होतं आणि इस्रायलमधल्या डिमोना-अश्दोदमध्येही होतं. आणि हे सगळं बायकांनीच केलेलं असतं. शब्बाथचा विसावा खरा, पण त्याची आदली दुपार आठवड्यातली सगळ्यात धावपळीची असते. परंपरेचा मान राखणाऱ्याने ही गोष्ट नजरेआड करू नये. दास-दासीला विसावा देणारी आज्ञा घरच्या बाईपर्यंत पोहोचवणं हे आजच्या ज्यू घरांचंही अपुरं राहिलेलं काम आहे.

शनवार तेल्यांकडून मला मुख्यतः एक धडा घ्यावासा वाटतो. एकट्या तेल्याने घाणा बंद ठेवला असता तर गिऱ्हाईक शेजारच्या तेल्याकडे गेलं असतं आणि दोन-चार महिन्यांत त्यालाही शनिवारी बैल जुंपावा लागला असता. सगळी आळी एकाच दिवशी बंद राहिली म्हणून ती सुटी टिकली. आज आपल्याला सांगितलं जातं की सुटी ही ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब आहे, तुम्हाला हवी तर घ्या. पण स्पर्धेत असलेल्या माणसाची मर्जी किती दिवस टिकते? तेल अवीवमध्ये हा प्रश्न थेट कोर्टात गेला. शनिवारी दुकान उघडायला शहराच्या उपविधीने मनाई होती. मोठ्या सुपरमार्केट साखळ्या दंड भरून दुकानं उघडी ठेवायच्या, कारण दंड त्यांना परवडायचा. तक्रार घेऊन गेले ते छोटे किराणा दुकानदार. घरच्यांसोबत एक दिवस काढावा तर धंदा जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. नुसता दंड घेऊन गप्प बसणं चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महापालिकेला सुनावलं. पुढे शहराने नियमच बदलले, काही दुकानांना परवानगी दिली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. छोट्या दुकानदाराचा शनिवार त्यात गेला.

इस्रायलच्या १९५१ च्या कायद्याने आठवड्यातून सलग ३६ तासांची विश्रांती दिली. ज्यूंना शनिवारी, इतरांना त्यांच्या धर्माप्रमाणे शुक्रवार, शनिवार किंवा रविवार. कागदावर हे उत्तमच आहे. पण ‘तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका’ आज कोण? म्हाताऱ्या आईबापांची देखभाल करायला फिलिपिन्स, नेपाळ, भारतातून आणलेल्या, त्याच घरात राहणाऱ्या बाया. जादा तासांच्या मजुरीची तरतूद या कामगारांना लागू होत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. चोवीस तास घरातच असलेल्या माणसाचे कामाचे तास मोजायचे कसे, ही अडचण पुढे केली गेली. मला हा निकाल त्या देशाच्या स्वतःच्या धर्मग्रंथाच्या कसोटीवरच उतरलेला दिसत नाही. ज्यांचे तास मोजता येत नाहीत अशाच माणसांची, म्हणजे दासाची, दासीची, परक्याची नावं त्या आज्ञेत घेतली आहेत.

गाझातल्या विध्वंसानंतर ज्यू नीतीबद्दल आदराने लिहायचं कसं, असं मला कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की परंपरा आणि सरकार या दोन गोष्टी आहेत, आणि सरकारला परंपरेचं माप लावण्याचं काम ज्यूंमधल्याच काही माणसांनी फार निष्ठुरपणे केलं आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले येशायाहू लीबोविच त्यांपैकी एक. धर्माचं काटेकोर पालन करणारा हा शास्त्रज्ञ १९६७ च्या युद्धानंतर लगेच, व्यापलेला प्रदेश सोडा, दुसऱ्यावरचं राज्य तुम्हालाच सडवेल, असं सांगत राहिला. त्याआधीही त्यांनी धार्मिक समाजाला एक अवघड प्रश्न विचारला होता. शब्बाथच्या दिवशीही वीज, पाणी, पोलीस हे सगळं चालू ठेवावं लागतं. मग तुम्ही नियम पाळणार आणि तुमच्यासाठी दिवा पेटता ठेवण्याचं पाप दुसऱ्या कुणीतरी करायचं, ही कुठली नीती? पूर्व युरोपातल्या गावांत शेजारचा ख्रिस्ती माणूस येऊन ज्यूंच्या घरातली शेगडी पेटवून जाई, ते एका अल्पसंख्य समाजाला निभावलं. स्वतःचं राज्य चालवणाऱ्या समाजाला ती सोय घेण्याचा हक्क उरत नाही, असं लीबोविच यांचं म्हणणं होतं. आपला विसावा दुसऱ्याच्या घामावर उभा असेल तर तो विसावाच नव्हे.

धर्माच्या नावाने लादलेल्या सुटीवरचा आक्षेपही खोटा नाही. इस्रायलच्या बहुतेक शहरांत शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत सरकारी बस नसते. ज्याच्याकडे गाडी आहे तो समुद्रावर जातो आणि ज्याच्याकडे नाही तो घरात अडकतो. २०१९ च्या नोव्हेंबरात तेल अवीवने शेजारच्या काही शहरांना सोबत घेऊन शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवारसाठी मोफत बस सुरू केल्या, त्या यासाठीच. मला तो निर्णय योग्य वाटतो. बस चालवणाऱ्याला दुसरा दिवस पक्का मिळाला, तर गरिबाला कोंडून ठेवणारी सुटी जपण्यात कसलं पुण्य?

कामगाराबद्दल तालमूदमध्ये जे आहे ते शब्बाथच्या पुढे जातं. तिसऱ्या शतकात बॅबिलोनियातल्या रव नावाच्या आचार्याने सांगितलं की मजूर भर दुपारी काम सोडून जाऊ शकतो. आधार कोणता? ‘इस्रायलची मुलं माझे सेवक आहेत’ हे ईश्वराचं वाक्य. त्याचे सेवक, म्हणजे सेवकांचे सेवक नव्हेत. आणखी एक प्रसंग तिथेच येतो. रब्बा बार बार हाना या विद्वानाच्या हमालांच्या हातून दारूचं पिंप फुटलं. भरपाई म्हणून त्याने त्यांच्या अंगावरची वस्त्रं काढून घेतली. हमाल रवकडे गेले. रव म्हणाला, त्यांची वस्त्रं परत दे. “असा कायदा आहे?” “हो. सज्जनांच्या वाटेने चाल, असं लिहिलंय.” वस्त्रं मिळाली. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब माणसं, दिवसभर राबलो, पोटात अन्न नाही, हातात काही नाही. रव म्हणाला, त्यांची मजुरी दे. “असा कायदा आहे?” “हो. नीतिमानांचा मार्ग धर.” कायद्याच्या अक्षराप्रमाणे बघितलं तर विद्वानाची बाजू वरचढ होती. रवने दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं. हे दयेपोटी कर, असं तो म्हणाला नाही. पुढे-पुढे रब्बींमध्ये यावर पुष्कळ ऊहापोह झाला, की हा कायदा की कायद्यापलीकडचं वागणं. तो वाद मला इथे उकरायचा नाही. मला इतकंच दिसतं की पिंप फुटल्याचा तोटा कुणी सोसायचा हे ठरवताना रवने आधी हमालाच्या अंगावर काय आहे ते पाहिलं.

मजुरी त्याच दिवशी द्यावी, या आज्ञेवर तालमूद विचारतं: हा माणूस शिडीवर चढला, झाडाला लोंबकळला, जिवावर उदार झाला, तो कशासाठी? मजुरीसाठीच ना? पावसाळ्यात पुण्याच्या किंवा ठाण्याच्या रस्त्यावर दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारा पोरगा मला त्या शिडीवर दिसतो. त्याला कामाचे तास नाहीत, सुटी नाही. ॲप बंद केलं की ती सुटी, आणि चार दिवस बंद ठेवलं की ऑर्डर मिळणं अवघड होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचं नाव आलं खरं, पण विमा आणि कल्याणनिधीपुरतं. आठवड्याची सुटी त्याला कुणी दिलेली नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याला मालकच नाही. मालक नसेल तर आज्ञा कुणाला करायची, हा त्यातला खरा डाव आहे.

पोटाचा प्रश्न उरतो. हातावर पोट असलेल्याला एक दिवस बसा म्हणून सांगणं क्रूरपणाचं होऊ शकतं. रब्बी अकिवाने म्हटलंच आहे, शब्बाथ साध्या दिवसासारखा काढ, पण कुणापुढे हात पसरू नकोस. मात्र तोच समाज इथे थांबला नाही. प्रत्येक वस्तीत कुप्पा म्हणजे सार्वजनिक निधी असायचा. तो दोघांनी गोळा करायचा, तिघांनी वाटायचा आणि शुक्रवारी वाटायचा. ज्याच्या घरी आठवड्याच्या १४ जेवणांची सोय नाही त्याला त्यातून हक्काने मिळे. सातव्या दिवसाच्या विसाव्यामागे सहाव्या दिवशी आलेलं धान्य असायचं. बिनपगारी सुटीला विसावा म्हणण्याची चूक त्यांनी केली नाही.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली तेव्हाही मालकांनी उत्पादनाचंच गणित मांडलं होतं. सहा-सात वर्षं झगडून १० जून १८९० रोजी ती मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा दाखला त्या मागणीशी नेहमी जोडला जातो. कामगाराचा एक दिवस देवाचा आहे आणि म्हणून गिरणीमालकाचा नाही, हे म्हणणं लोखंड्यांच्या मराठी मजुराला आणि कोकणातल्या शनवार तेल्याला सारखंच उमजलं असतं. देव न मानणाऱ्यानेही त्यातला गाभा घ्यावा: सुटीचं कारण मालकाच्या फायद्याबाहेर असलं पाहिजे.

आता आपल्या घराचा विचार करावा. कंपनीच्या ९० तासांवर चिडणाऱ्या कितीतरी घरांत कामवाल्या बाईने महिन्यात दोन-तीन खाडे केले की पगार कापला जातो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणीची, मदतीची सोय केली, पण आठवड्याची पगारी सुटी देण्याचं बंधन घरमालकावर घातलं नाही. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन बारा-बारा तासांची पाळी करतो आणि दुसरा आला नाही तर तीच पुढे ओढतो. नव्या कायद्याची वाट न पाहता एखादी गृहनिर्माण सोसायटी सर्वसाधारण सभेत ठराव करू शकते: सगळ्या घरांत काम करणाऱ्या बायांना आठवड्यातून एक ठरलेला दिवस पगारी सुटी, सगळ्यांना एकाच दिवशी, म्हणजे ‘शेजारणीकडे तर येतेस’ हा दबाव राहणार नाही; आणि वॉचमनसाठी बदली माणूस, त्याचा खर्च मेंटेनन्समधून. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे त्या दिवशी कोण बघणार, असं कुणी विचारेल. ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणं कर्तव्य मानलं आहे. तेव्हा आजाऱ्यापाशी माणूस हवाच. त्या बाईला तिचा दिवस दुसऱ्या वारी पक्का करून द्यावा, आणि तो कोणता असेल हे तिच्याकडूनच विचारून घ्यावं.